भाच्याला फॉर्म्युला वनमध्ये इंजिनियर व्हायचंय, फ्लॅट गहाण टाकून बाहेर पाठवू का? (इंदूर)

रामबागचे_मामा (रविवार, रात्री ९.५०)
नमस्कार मंडळी. इंदूरचाच आहे, रामबागेत राहतो, कापडाचं दुकान आहे. गाड्यांमधलं मला फार कळत नाही म्हणून इथे विचारतोय, या विषयातली बरीच माणसं इथे आहेत असं दिसलं. बहिणीचा मुलगा मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, वडील चार वर्षांपूर्वी गेले, बहीण शाळेत शिकवते आणि लोकमान्य नगरचा एक फ्लॅट सोडला तर पुंजी म्हणावी असं काही नाही. मुलगा दहावीपासून एकच सांगतोय, एफ वन टीममध्ये इंजिनियर व्हायचंय. आता एका कन्सल्टंटने इंग्लंडच्या एका युनिव्हर्सिटीचं एक वर्षाचं मास्टर्स सुचवलंय, फी राहणं खाणं सगळं धरून ४२ लाख, आणि तो म्हणतो या महिन्यातच डिपॉझिट भरा नाहीतर सीट जाईल. बँक फ्लॅटवर लोन द्यायला तयार आहे.

पोराची आवड वरवरची नाही एवढं मी बघितलंय. रेसच्या दिवशी माझ्याकडेच असतो, टीव्ही आमचा मोठा म्हणून. मांडीवर वही, त्यात कोणी कोणत्या लॅपला कुठले टायर बदलले ते लिहीत बसतो, आणि जाहिरात लागली की मागच्या वर्षीचं पान काढून ताडून बघतो. बायको पोह्यांची बशी ठेवते ती गार होऊन जाते. म्हणून नाही म्हणवत नाही. पण आपल्यासारख्या गावातून तिथे खरंच कोणी पोचतं का, पोचलं तर नेमकं काय काम करतं, आणि त्यात आयुष्य निघतं का, हे कोणी माहितीतलं सांगेल तर उपकार होतील.

पीथमपूर_फाटा (रविवार, रात्री १०.२५)
मामा, मी पीथमपूरलाच काम करतो, गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये, नऊ वर्षं झाली. एकच विचारतो, भाचा कॉलेजच्या बाहा टीममध्ये आहे का? बाहा म्हणजे मुलांनी स्वतः एका सीटची ऑफरोड गाडी बनवायची आणि शेवटच्या दिवशी चार तास खड्ड्यादगडांत पळवायची. कित्येक वर्षं हे आपल्या पीथमपूरला भरत आलंय, देशभरातली पोरं सामान उचलून इथे येतात आणि इंदूरच्या पोराला तर तासाभराचा रस्ता आहे. सगळ्यांना इंजिन एकसारखंच, दहा हॉर्सपॉवरचं, त्यामुळे फरक पडतो तो डिझाइनचा आणि हाताचा.

आणि आपल्या नॅट्रॅक्सचा, म्हणजे पीथमपूरच्या गाड्या टेस्ट करायच्या केंद्राचा, ट्रॅक बघितलाय का त्याने? ११.३ किलोमीटरचा ओव्हल, चार लेन, जून २०२१ ला सुरू झाला, आशियातला सगळ्यात लांब हायस्पीड ट्रॅक. वळणाला ट्रॅक असा तिरका चढवलाय की ठरलेल्या वेगाला स्टीअरिंग न ओढता गाडी आपोआप वळते, आणि ३७५ किलोमीटरपर्यंतचा विचार करून वळणं बांधली आहेत. तिथे रेस होत नाही, टेस्टिंग होतं. पण इंजिनियरला शिकायला टेस्टिंगसारखी जागा नाही असं माझं मत आहे, रेसमध्ये सुद्धा इंजिनियर शेवटी तेच करतो, गाडी काय सांगतेय ते आकड्यांत वाचायचं.

छप्पन_दुकान (रविवार, रात्री १०.४०)
धाग्यात मध्येच घुसतो, सॉरी. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, बायपासजवळच्या गो कार्टिंगला नेलं की उतरायलाच तयार होत नाही आणि खरंच फास्ट आहे, तिथला माणूस पण म्हणाला. ड्रायव्हरची लाईन कशी असते? इंजिनियरपेक्षा सोपी की अवघड?

पिट_वॉल (रविवार, रात्री ११.३०)
छप्पनभाऊ, तुलनाच नाही हो. तेवीस-चोवीस वर्षं एफ वन बघतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२५ पर्यंत एफ वनमध्ये ड्रायव्हरच्या २० सीटा होत्या, २०२६ पासून कॅडिलॅकची टीम आल्यामुळे २२. अख्ख्या जगात एवढ्याच. आजवर आपल्याकडून दोनच जण तिथे बसले. नारायण कार्तिकेयन २००५ ला जॉर्डन टीमकडून, आणि करुण चंदोक २०१० ला. नारायणचे पाच पॉइंट्स इंडियानापोलिसला आले, ज्या रेसला मिशेलिनचे टायर असलेल्या सगळ्या टीम्स बाहेर पडल्या आणि सहाच गाड्या धावल्या, तिथे तो चौथा आला. काही लोक त्यावरून त्याला कमी लेखतात, मला ते अजिबात पटत नाही, कोइम्बतूरहून त्या काळात तिथपर्यंत गाडी नेणं हेच डोंगराएवढं होतं. त्यानंतर जेहान दारूवाला, एफ टूमध्ये, म्हणजे एफ वनच्या खालच्या पायरीवर, चार रेसा जिंकला, मॅक्लारेनची एफ वन गाडी टेस्टिंगला चालवली, तरी सीट नाही मिळाली. कुश मैनी २०२५ ला मोनॅकोची एफ टूची स्प्रिंट, म्हणजे छोटी रेस, जिंकला. टॅलेंट आहे, दार अरुंद आहे.

नियम असा की सुपर लायसन्सला, म्हणजे एफ वन चालवायच्या परवान्याला, तीन सीझनमध्ये ४० पॉइंट लागतात आणि साधारणपणे वय १८. वयाची अट आली ती वेर्स्टापेन हा ड्रायव्हर १७ व्या वर्षी रेसला उतरला त्यानंतर. मुलं सात-आठ वर्षांची असताना कार्टिंग सुरू करतात म्हणजे तुमचा मुलगा वयाने उशिरा नाहीये, पण भाड्याच्या कार्टवर फास्ट असणं आणि रेसिंग कार्टवर फास्ट असणं यात फार अंतर आहे. आणि खरी गोष्ट पैशाची. एफ वनचा ड्रायव्हर हॅमिल्टन आठव्या वर्षी कार्टमध्ये बसला, वडील एकाच वेळी बऱ्याच नोकऱ्या करायचे, तेराव्या वर्षी मॅक्लारेन टीमने हात धरला म्हणून पुढे गेला. दुसरा ड्रायव्हर ओकोन, त्याच्या आईवडिलांनी घर विकलं आणि कॅरॅव्हानमध्ये राहून पोराला रेसेसना नेलं. एफ टूचा एक सीझन म्हणजे आपल्या पैशात वीस-पंचवीस कोटींची गोष्ट आहे.

मुलाला आवड असेल तर हौस म्हणून जरूर चालवू द्या, कोइम्बतूर आणि चेन्नईला आपल्याकडच्या चांगल्या रेसा होतात, मारुतीचं इंजिन टाकलेल्या छोट्या फॉर्म्युला गाड्यांची सिरीज आहे, २०२३ पासून इंडियन एफ फोर पण आहे. फक्त घर विकू नका. शाळा सोडवू नका.

नॉर्थॅम्प्टनचा_इंदोरी (सोमवार, पहाटे ३.१५)
मामा, तुमची पोस्ट वाचून झोप आली नाही. मी सुदामा नगरचा, अकरा वर्षं झाली इकडे इंग्लंडमध्ये, एफ वन टीममध्ये नाही पण टीम्सना पार्ट बनवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. माझ्या मशीनखालून दर आठवड्याला असे पार्ट जातात जे पंधरा दिवसांनी टीव्हीवर पळताना दिसतात, दिसतात म्हणजे काय, कव्हरच्या आत असतात, मला माहीत असतं आत काय आहे ते.

आधी जागा समजून घ्या. जवळजवळ सगळं इंग्लंडच्या मधल्या एका पट्ट्यात आहे. मर्सिडीज ब्रॅकलीला, रेड बुल मिल्टन कीन्सला, अ‍ॅस्टन मार्टिन सिल्व्हरस्टोनच्या गेटसमोर, विल्यम्स ग्रोव्हला, अल्पीन एन्स्टोनला, थोडं खाली वोकिंगला मॅक्लारेन. बाहेर मुख्यतः इटलीत फेरारी आणि दुसरी रेड बुलची टीम, आणि स्वित्झर्लंडमध्ये हिनविलला आधीची साउबर, आता ऑडी. या पट्ट्यात तासाभराच्या अंतरात टीम्स, त्यांचे सप्लायर, गिअरबॉक्सवाले, कार्बनवाले, सेन्सरवाले, सगळे. म्हणून इथे नोकरी बदलली तरी लोकांना घर बदलावं लागत नाही. नारायण ज्या जॉर्डनसाठी चालवायचा तीच सिल्व्हरस्टोनची टीम पुढे मिडलँड झाली, मग स्पायकर, २००८ ला आपल्या मल्ल्यांची फोर्स इंडिया, मग रेसिंग पॉइंट आणि २०२१ पासून अ‍ॅस्टन मार्टिन. मालक पाच-सहा झाले पण असे कितीतरी लोक मी ओळखतो जे त्याच गेटातून पंचवीस वर्षं आत जातायत, फक्त शर्टाचा रंग बदलला.

आता काम. टीव्हीवर हेडफोन लावलेले जे दिसतात ते मूठभर. टीममध्ये आठशे-हजार माणसं असतात आणि ट्रॅकवर गाडीशी संबंधित साठच्या आत माणसं नेता येतात, नियमच आहे. बाकी सगळे फॅक्टरीत. एरोडायनॅमिक्सचा इंजिनियर वर्षभर फ्रंट विंगच्या एका कोपऱ्यावर काम करतो, ६० टक्के आकाराचं मॉडेल विंड टनेलमध्ये, म्हणजे जोराचा वारा सोडलेल्या बोगद्यात, तेही मोजून दिलेल्या तासांत. इथे एक गंमत मला फार आवडते, मागच्या सीझनला जो पहिला आला त्याला टनेलचा वेळ सगळ्यात कमी आणि शेवटच्याला सगळ्यात जास्त. कोणी सस्पेन्शनची स्ट्रेस बघतं, कोणी टायरचं मॉडेल, कोणी नुसतं सॉफ्टवेअर. प्रत्येक पार्टला स्वतःचा नंबर असतो आणि किती किलोमीटरनंतर काढून टाकायचा ते ठरलेलं असतं, रेस झाली की परत येऊन क्रॅक तपासणी होते. माझं काम तेच. अर्ध्या केसाएवढी चीर सापडली तर तो पार्ट मी बाजूला लाल ट्रेमध्ये ठेवतो आणि तिकडून फोन यायला दहा मिनिटं लागत नाहीत. त्या पार्टवर कोणाचा तरी जीव असतो, म्हणून मी कधीच घाई केली नाही.

आयुष्य निघतं का विचारलंत. निघतं, पण घासून निघतं. सीझनला २४ रेसा, ट्रॅकवर जाणारा माणूस निम्मं वर्ष घराबाहेर. ऑगस्टमध्ये दोन आठवडे फॅक्टरी सक्तीने बंद असते तेव्हाच काय ती सलग सुट्टी. सुरुवातीचा पगार इथल्या मानाने मोठा नसतो, बँकेतला किंवा आयटीतला माणूस जास्त कमावतो. वरच्या लोकांना टीम सोडली की सहा महिने ते वर्षभर घरी बसवतात, पगार चालू पण काम नाही, म्हणजे डोक्यातलं गुपित शिळं व्हावं.

आणि पोचतं का कोणी? आयाओ कोमात्सू म्हणून माणूस आहे, जपानचा, शिकायला लफबरोला आला, २००३ ला बीएआर टीममध्ये लागला, मग रेनो टीम, ग्रोजाँ या ड्रायव्हरचा रेस इंजिनियर, २०१६ ला हास टीमसोबत गेला आणि २०२४ पासून त्याच टीमचा प्रिन्सिपल, म्हणजे प्रमुख. आंद्रेया स्टेला हा शूमाखर या ड्रायव्हरच्या गाडीचे आकडे वाचणारा परफॉर्मन्स इंजिनियर होता, आज मॅक्लारेनचा प्रमुख आणि २०२४, २०२५ दोन्ही वर्षं कन्स्ट्रक्टर्स, म्हणजे टीमची चॅम्पियनशिप, त्यांचीच. हॅना श्मिट्झ २००९ पासून रेड बुलमध्ये, २०१९ ला ब्राझीलला वेर्स्टापेन पुढे असताना, सेफ्टी कार (सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) ट्रॅकवर आली तेव्हा तिने त्याला टायर बदलायला पिटमध्ये बोलावून नवे टायर दिले, पहिली जागा सोडली आणि रेस जिंकली, पोडियमवर टीमतर्फे तिलाच पाठवलं. वहीत टायर लिहिणाऱ्या तुमच्या भाच्याला ही रेस पाठ असणार. ही सगळी माणसं गाडी कधीच न चालवता इथवर आली.

कर्जाबद्दल सकाळी लिहितो, शिफ्ट आहे.

राजवाडा_ते_महू (सोमवार, सकाळी ८.१०)
दुसरी बाजू पण ऐका मामा. मी २०१७ ला असंच कर्ज काढून गेलो होतो. युनिव्हर्सिटी नाव घेण्याएवढी मोठी नाही, कोर्सच्या नावात मोटरस्पोर्ट होतं एवढंच बघितलं आम्ही. वर्षभरात एकदा वर्कशॉपमध्ये हात काळे झाले, बाकी स्लाइड. १६० अर्ज केले, दोन इंटरव्ह्यू. दोन्हीकडे विचारलं की स्वतः काय बनवलंय, आणि माझ्याकडे सांगायला मार्कशीट होती. परत आलो, बाबांनी रिटायरमेंटचे पैसे बँकेत भरले. आज पुण्यात चांगली नोकरी आहे, पण बाबा त्या दिवशी पासबुक घेऊन बँकेतून आले आणि काहीच बोलले नाहीत, ते अजून डोळ्यासमोर आहे. या महिन्यात डिपॉझिट भरा म्हणणाऱ्याचं ऐकू नका एवढं हात जोडून सांगतो.

सर्किट_ताई (सोमवार, दुपारी १.३०)
एक राहून गेलं, मेकॅनिकलच पाहिजे असं आता राहिलं नाहीये. २०२६ च्या नियमांत साधारण निम्मी ताकद इलेक्ट्रिक बाजूने येते, मोटर ३५० किलोवॅटची झाली, त्यामुळे बॅटरी कुठल्या लॅपला कुठे भरायची आणि कुठे खर्चायची हेच मोठं डोकं खाणारं काम आहे. कंट्रोल्स, इलेक्ट्रॉनिक्स, डेटावाल्यांना मागणी आहे. भाच्याला म्हणावं कोडिंग शीक, नुसतं कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, पुरत नाही. आणि मोटरस्पोर्ट म्हणजे फक्त एफ वन नाही हो. महिंद्राची फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या रेसची, टीम २०१४ पासून आहे, होसूरला टीव्हीएसचं रेसिंग १९८२ पासून चालू आहे, हीरोची टीम डकारच्या रॅलीला जाते आणि २०२४ ला त्यांचा रायडर दुसरा आला. तिथे दोन वर्षं काम करून मग बाहेर गेलेली पोरं मी बघितली आहेत.

नॉर्थॅम्प्टनचा_इंदोरी (सोमवार, संध्या. ५.०५)
राजवाडाभाऊ, बाबांचं वाचून वाईट वाटलं. तुमची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात कामाची आहे.

मामा, माझं स्पष्ट मत, आत्ता कर्ज नको. पुढे कधीच नको असं नाही म्हणत. सांगतो का ते. क्रॅनफील्ड, ऑक्सफर्ड ब्रूक्स, लफबरो असली नावं इकडे खरोखर चालतात कारण टीम्सचे लोक तिथे शिकवायला, प्रोजेक्ट बघायला येतात. ज्या कोर्सचं नाव इथल्या इंजिनियरने ऐकलं नाही त्यावर ४२ लाख घालू नका. दुसरं व्हिसा. जुलै २०२५ पासून इथे परदेशी माणसाला नोकरी द्यायची तर पगार किमान ४१,७०० पाउंड लागतो, नुकतंच शिकून बाहेर पडलेल्याला ३३,४००. छोट्या कंपन्या तिथेच मागे हटतात, मुलगा चांगला असला तरी. २०२१ पासून टीम्सना खर्चाची मर्यादा आहे, सुरुवातीला साडेचौदा कोटी डॉलरची होती, ड्रायव्हरचा पगार त्यात धरत नाहीत पण इंजिनियरचा धरतात, म्हणजे प्रत्येक नवा माणूस हिशोब करून घेतला जातो.

मग तो काय बघून घेतात? राजवाडाभाऊंना विचारलं तेच. काय बनवलं, काय मोडलं, का मोडलं. आमच्याकडे पोरं इंटरव्ह्यूला येतात तेव्हा साहेब टेबलावर एक जुना पार्ट ठेवतात आणि म्हणतात याबद्दल बोल. ज्याने हाताने काम केलंय तो पार्ट उचलतो, फिरवतो, उजेडाकडे धरतो. बाकीचे बघत बसतात. निम्मा निकाल तिथेच लागतो. भाच्याकडे दीड वर्ष आहे, बाहा कर, कोइम्बतूरला फॉर्म्युला भारत, म्हणजे कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या रेसच्या गाड्यांची स्पर्धा, होते तिथे जा, मग दोन वर्षं इकडेच कुठे टेस्टिंगला नोकरी कर, थोडे पैसे जोड आणि मग चांगल्या जागी अर्ज कर. तेव्हा कर्ज काढलं तरी ते वेगळं कर्ज असेल.

रामबागचे_भाचे (सोमवार, रात्री १०.२०)
नमस्कार, मीच तो भाचा, मामांनी आत्ता सगळा धागा वाचायला दिला आणि आईने पण वाचला. आई काही बोलली नाही, फक्त राजवाडा दादांची पोस्ट दोनदा वाचली. कन्सल्टंटला उद्या नाही सांगतोय.

मी बाहा टीममध्ये आहे, सस्पेन्शन माझ्याकडे आहे. हे मी कोणाला फारसं सांगत नाही कारण मागच्या वेळी आमची गाडी माझ्यामुळे बाहेर गेली. एन्ड्युरन्सला, म्हणजे त्या शेवटच्या चार तासांच्या रेसला, एक तास चाळीस मिनिटं झाली होती, आम्ही बऱ्यापैकी वर होतो, आणि पुढच्या डाव्या चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, तुटला. चाक आत दुमडलं आणि गाडी तिथेच बसली. चौदा मुलांचं वर्षभराचं काम होतं ते. ड्रायव्हर उतरून माझ्याकडे बघत होता, बोलला काहीच नाही. सगळे म्हणाले मटेरियल खराब असणार, दुकानदाराने फसवलं. मी पण तेच म्हणत राहिलो, पण मनात येतं की डिझाइन माझं होतं. सॉफ्टवेअरमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी दोनच्या वर दाखवत होता, म्हणजे लागेल त्याच्या दुप्पट लोड सोसेल असा. मग का तुटला ते आजपर्यंत कळलं नाही. याचं इंटरव्ह्यूत काय सांगणार दादा, हे तर फेल्युअर आहे.

नॉर्थॅम्प्टनचा_इंदोरी (सोमवार, रात्री १०.५०)
अरे राजा, हेच सांगायचं. तुटलेला तुकडा आहे का अजून? फेकला नाहीस ना?

रामबागचे_भाचे (सोमवार, रात्री १०.५५)
आहे. दोन्ही तुकडे कपाटात आहेत, जुन्या टॉवेलमध्ये.

पीथमपूर_फाटा (सोमवार, रात्री ११.१५)
मग आता नीट ऐक. तुकडे पुसायचे नाहीत, घासायचे नाहीत, दोन्ही तोंडं एकमेकांना लावून बघायची तर अजिबात नाहीत, सगळ्यांना तो मोह होतो आणि पुरावा तिथेच जातो. उजेडात धर आणि नुसतं बघ. शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा बारीक रेघा एका कोपऱ्यातून सुरू होऊन पसरताना दिसतात का? आणि उरलेला भाग खरखरीत, दाणेदार आहे का?

रामबागचे_भाचे (सोमवार, रात्री ११.३०)
हो. बॅटरी लावून बघितलं. स्टीअरिंग आर्म जिथे जोडला जातो तिथल्या आतल्या कोपऱ्यातून रेघा सुरू होतात, साधारण पाऊण भागात आहेत. उरलेलं पाव खरखरीत आहे. तो कोपरा मी काटकोनात ठेवला होता, रेडियस, म्हणजे गोलाई, दिला नव्हता, मशीनिंगवाल्याने विचारलं होतं तेव्हा चालेल म्हणालो होतो.

पीथमपूर_फाटा (सोमवार, रात्री ११.४०)
दुकानदाराने नाही फसवलं बाळा. फटीग आहे, लोड परत परत येऊन धातू थकतो ते. चीर त्या काटकोनातून निघाली आणि प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी पुढे सरकत गेली, एक तास चाळीस मिनिटांत काही झालं नाही, प्रॅक्टिसपासून चाललं होतं ते. शेवटचं पाव तेवढं एका झटक्यात गेलं. तुझा तो दोनचा आकडा एकदाच लावलेल्या लोडचा होता, हजारो वेळा येणाऱ्या लोडचा नव्हता. शनिवारी सुट्टी आहे मला, राऊला मित्राची लॅब आहे, चांगला मायक्रोस्कोप आहे. तुकडे, ड्रॉइंग आणि तुझी ती सिम्युलेशनची फाइल घेऊन ये. फोटो काढू, मग रेडियस देऊन परत डिझाइन कर आणि दोन्ही शेजारी ठेव.

नॉर्थॅम्प्टनचा_इंदोरी (सोमवार, रात्री ११.४५)
झालं की मला पाठव, इकडे साहेबांना दाखवतो.

रामबागचे_मामा (मंगळवार, सकाळी ७.२०)
मला यातलं निम्मं समजलं नाही पण रात्री पोरगं साडेबाराला माझ्याकडे आलं, आईला झोपवून, आणि ते दोन तुकडे टेबलावर ठेवून मला बॅटरीच्या उजेडात रेघा दाखवत होतं. वर्षभर हे कपाटात होतं आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं. फ्लॅटचे कागद मी आज बँकेतून परत घेऊन येतो. शनिवारी त्याला राऊला मीच सोडतो, पीथमपूरभाऊ, किती वाजता येऊ?

पीथमपूर_फाटा (मंगळवार, सकाळी ७.४०)
दहाला या मामा. तुकडे दोन वेगळ्या पिशव्यांत.